‘जुने कपडे देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की सांगली-मिरजेच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, खाली हात जोडलेले असतात. मजकूर थोडक्यात असा: गरिबांना जुने कपडे देणं बंद करा. २०१९ च्या पुरात आलेले कपडे रस्त्यावर कुजले, आठवतंय ना? आता बाजारात दीडशे रुपयांत नवा शर्ट मिळतो, जुना कुणाला हवाय? घेतात ते विकून टाकतात. जुन्या कपड्यांतून खरूज पसरते. घेणारे कमावते असतात, प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मातीत फुकटाची सवय लावू नका. द्यायचेच तर पैसे द्या. कपडे दिले तर उरलेले शेवटी कचऱ्यातच जातात.

आम्ही काही जण मिळून कपडे गोळा करतो, निवडतो आणि ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत, तासगावकडच्या द्राक्षबागांतल्या मजुरांपर्यंत नेतो. त्यामुळे हा मेसेज आमच्याकडे दहा दिशांनी येतो, बहुतेक वेळा ‘बघा जरा’ एवढंच लिहून. बघितला. त्यात खरं काय आणि कुठे घसरलंय ते लिहितो.

पुरापासून सुरुवात करू, कारण मेसेजचा सगळा भार त्याच आठवणीवर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी ओसरलं तसे बाहेरगावचे ट्रक आले, कपड्यांचे ढीग पडले, पावसात भिजले आणि कुजले. हे खोटं नाही. जुने कपडे पाठवू नका, अशी आवाहनंही तेव्हाच झाली होती. पण ते का कुजले, हे मेसेज सांगत नाही. घरात गुडघाभर गाळ, वीज नाही, धुवायला पाणी नाही, वाळत घालायला कोरडी दोरी नाही. अशा माणसाला हवे होते कोरडे टॉवेल, चादरी, नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड. ट्रकमधून उतरले ते न निवडलेले गठ्ठे: शेरवान्या, टिकल्यांचे घागरे, एका पायाचे मोजे. ते निवडायला तिथे माणूस नव्हता आणि ठेवायला छप्पर नव्हतं. यावरून एवढंच ठरतं, की पुराच्या आठवड्यात जुन्या कपड्यांचा ट्रक पाठवू नये. हे आम्हीही सांगतो. पण त्याच गठ्ठ्यातला जाड सुती फुलशर्ट नोव्हेंबरमध्ये उसाच्या फडावर पोचला असता, तर दुसऱ्या दिवशी पहाटे अंगावर दिसला असता.

आणि हा फुलशर्ट कुणाला हवाय, हेच मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटतात. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून आणि आपल्याच जत तालुक्यातूनही टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून घेतलेली आगाऊ उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती फेडत ऊस तोडणं. पहाटे, दंवात. उसाच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात, हात आणि मान चिरून निघते. म्हणून फडावरची बाई साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालते आणि डोक्याला घट्ट फडकं बांधते. एका हंगामात दोन-तीन शर्टांच्या चिंध्या होतात. बाजारातला दीडशेचा शर्ट? तो असतो पातळ, पॉलिस्टरचा. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, चूल असते, आणि पॉलिस्टर ठिणगीने नुसता जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो. सांगली-मिरजेतल्या नोकरदाराने दोन वर्षं ऑफिसला घातलेला चांगल्या सुताचा शर्ट या कामाला त्या नव्या शर्टापेक्षा सरस. तेव्हा ‘नवा मिळतो, जुना कुणाला हवाय’ हा हिशेब फडावर लागू पडत नाही.

द्राक्षबागेतली गोष्ट आणखी वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या सुरू होतात, पुढे मणी फुगावेत म्हणून घड जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवायचं काम येतं. डिपिंग म्हणतात त्याला, आणि ते बहुतेक बायकाच करतात. कपडे कोपरापर्यंत भिजतात. तेच अंगावर ठेवून घरी जायचं, तान्ह्याला मांडीवर घ्यायचं, हे बरं नाही, एवढं त्या बायकांनाही कळतं. पण बागेचा जोड वेगळा, घरचा वेगळा, एवढे जोड असतात कुणाकडे? इथे जुना कपडा जुना असण्यानेच कामाचा. तो बागेतच ठेवायचा, वेगळा धुवायचा, हंगाम संपला की टाकून द्यायचा. सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालांचंही तसंच. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. पण पोती उचलणाऱ्याच्या अंगावरचा सदरा पिवळा होतो तो कायमचा. त्या कामाला नवा सदरा कोण घालील?

‘कमावते आहेत, मोबाईल आहे’ हा मुद्दा मला सगळ्यांत कोता वाटतो, म्हणून थोडक्यात. मोबाईल नसेल तर मुकादमाचा फोन कुणाला लागणार, गाडी कधी येणार हे कोण सांगणार, गावाकडे म्हातारीपाशी ठेवलेल्या पोराशी कसं बोलणार? आणि कमावते आहेत हे तर खरंच आहे. आम्ही भिकाऱ्यांना शोधत फिरत नाही. राबणाऱ्या घरात मूल दर वर्षी चार बोटं वाढतं आणि स्वेटर वाढत नाही, एवढीच ती गरज असते. ज्याच्या घरी कमाई आहे त्याला काहीच लागत नाही, हा नियम आपण स्वतःच्या मावसभावाला कधी लावत नाही. त्याच्या पोराला आपल्या पोराचे आखूड झालेले कपडे बिनदिक्कत देतो. आपल्याकडे तर बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याला मुद्दाम जुन्या मऊ धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळतात, घरात नवं कापड असलं तरी.

आता मानाचा मुद्दा. मेसेज कर्मवीरांचं नाव घेतो म्हणून त्याचं उत्तर आधी. ऐतवडे बुद्रुकच्या या माणसाने १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवायला घेतलं, तेव्हा मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हाखाली ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असं आहे, आणि ते ब्रीद पाळणारी मुलं आधी दुसऱ्याने दिलेलं जेवून उभी राहिली होती. मदत घेतली की कष्ट सुटतात, असं त्या वसतिगृहात तरी दिसलं नाही. कर्मवीरांचं नाव वापरायचं तर पूर्ण वापरा.

पण मेसेजने न मांडलेली एक गोष्ट मात्र मला डाचते, आणि ती त्याने मांडायला हवी होती. उतरलेलं वस्त्र खालच्याला द्यायचं, ही आपल्याकडची जुनी जातीची रीत आहे. शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सरळ लिहून ठेवलंय. तिथे ती दया नव्हती, कष्टाचा मोबदला म्हणून होती. तो वास आजही काही घरांत येतो. धुणंभांडी करणाऱ्या बाईला दिवाळीला बोनस द्यायच्या ऐवजी कपाटातली विटकी साडी पुढे करतात आणि वर ‘किती छान आहे बघ’ म्हणतात. हे बंदच व्हायला हवं. मजुरी मजुरीच्या जागी, बोनस बोनसच्या जागी. आमच्याकडे कुणी ‘आमच्या कामवालीलाच द्यायचे होते, पण तिने घेतले नाहीत’ असं म्हणत पिशवी आणून दिली, की मला त्या बाईचं कौतुक वाटतं.

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आपण घेणाऱ्याला गप्प बसवायला वापरतो. आमचा सगळा खटाटोप उलटा आहे: दात बघू द्या. कपडे मापाप्रमाणे लावून ठेवायचे, बायकांचे वेगळे, पोरांचे वयाप्रमाणे, आणि ज्याला हवं त्याने उचलावं, नको ते खाली ठेवावं. पिशवी कुणाच्या हातात कोंबायची नाही. फोटो तर अजिबात नाहीत. निवडताना आम्ही बरंच बाजूला काढतो. फाटकं, बटण-चेन गेलेलं आधी शिंप्याकडे. वापरलेले आतले कपडे सरळ बाद. घट्ट जीन्सही शक्यतो बाद, कारण त्या धुवायला पाणी फार लागतं आणि थंडीत दोन दिवस वाळत नाहीत. कोपीवर पाणी घागरीने मोजून येतं. कपडे मुकादमाच्या ताब्यात देऊन निघून यायचं नाही, हेही आम्ही पाळतो. दिले तर चांगले चांगले पहिल्यांदा त्याच्या घरच्यांत जातात. टोळीला सुट्टीचा वार नसतो, म्हणून संध्याकाळी, फडावरून माणसं परतल्यावरच जावं लागतं.

गूंज या दिल्लीच्या संस्थेने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. १९९९ मध्ये अंशू गुप्तांनी ती सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे गावाने आपल्या गरजेचं काम ठरवायचं, विहीर उपसायची, रस्ता नीट करायचा, आणि त्या कामाबद्दल कपडे न्यायचे, अशी पद्धत आहे. आम्हाला ऊसतोडीत ती जमत नाही. बारा-चौदा तास राबलेल्याला आणखी काम कसलं सांगायचं? पण जिथे जमते तिथे ती उत्तम.

खरुजेचं भय अगदीच खोटं नाही, पण त्याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. खरुजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो. कपडे कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले, किंवा पिशवीचं तोंड घट्ट बांधून आठवडाभर तशीच ठेवली, तर प्रश्न मिटतो. उवा तर डोक्याबाहेर त्याआधीच मरतात. ढेकूण मात्र चिवट, उपाशीपोटी महिनोन्‌महिने राहतात. म्हणून घरात ढेकूण झाले असतील तर तिथली चादर-गोधडी देऊ नका. कपडा धुऊन द्या ही विनंती आम्ही दर वेळी करतो आणि दर वेळी निम्म्या पिशव्या न धुतलेल्याच येतात, हे मेसेज लिहिणाऱ्याला कळलं असतं तर त्याला आणखी एक मुद्दा मिळाला असता.

विकून टाकतात? टाकू द्यात की. भांडी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. तुम्ही तिला चार साड्या दिल्या, स्टीलचा डबा घेतला, आणि तिने त्या साड्या दुरुस्त करून जुन्या बाजारात विकल्या. तुमचा डबा तो व्यवहार, आणि कोपीतल्या बाईने एक साडी विकून मीठ-मिरची आणली तर ती फसवणूक? दिलेली वस्तू दिली. तिच्यावर दोरी बांधून ठेवायची असेल तर कपाटातच राहू द्या.

पैसे द्या, या सूचनेशी माझं भांडण नाही. पूर आला, घर पडलं, कुणी दवाखान्यात आहे, तिथे पैसेच द्यावेत. पण मेसेज असं धरून चालतो, की शर्ट दिला नाही तर तो माणूस तेवढे पैसे देईल. तसं होत नाही. शर्ट कपाटातच राहतो आणि पैसे खिशात. शिवाय फड बाजारापासून लांब असतो आणि बाजाराच्या दिवशीही तोड चालूच असते. तिथे पाचशेची नोट संध्याकाळच्या थंडीत पोराच्या अंगावर चढत नाही.

राहिला कचरा. निवडून बाजूला काढलेलं काहीतरी उरतंच, ते कुठे जातं? सुती साड्या आणि धोतरं वाकळ म्हणजे गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे जातात. आपल्या भागात वाकळीची घडी अजून घराघरांत आहे, आणि मजुरी देऊन शिवून घेतलेली वाकळ कोपीतल्या जमिनीवर अंथरायला सगळ्यांत आधी उचलली जाते. विटलेलं सुती कापड कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये ऑइल पुसायला लागतं, तिथे फडक्याला कायम मागणी असते. लोकरीचं आणि मिश्र धाग्याचं जे कुठेच चालत नाही, ते भंगारवाल्याला देतो. अशा मालाचा मोठा बाजार हरियाणात पानिपतला आहे. तिथे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा धागा काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात.