पगार पाचपट झाला आणि फ्रिज दुरुस्तीला पैसे नाहीत

दोन महिने झाले पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. महिन्याची १९ तारीख होती, फ्रिज बंद पडला. फ्रिजवाले काका आले, मागची जाळी काढून बघितलं, म्हणाले कॉम्प्रेसर गेलाय ताई, गॅस भरून सगळं मिळून ६,८०० होतील. मी फोन उघडला तर अकाउंटला २,३४० रुपये. महिन्याला ९०,००० हातात येतात मला, नवऱ्याचा पगार वेगळा, त्यातून होम लोन जातं आणि माझ्यातून घर चालतं, आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला द्यायला माझ्याकडे ६,८०० नाहीत! दुधाच्या पिशव्या बादलीत थंड पाण्यात ठेवलेल्या, ओट्यावरून वितळलेल्या आइस्क्रीमचा ओघळ खाली आलेला, आणि मी कार्डाचं ॲप उघडून लिमिट किती उरलीये ते बघतेय. काकांना कळलं असणार, म्हणाले राहू द्या, पुढच्या आठवड्यात दिले तरी चालतील. त्या माणसाकडे आठवडाभर थांबायची ऐपत आहे आणि माझ्याकडे नाही?

२०१४ ला मी कराडहून पुण्यात आले तेव्हा पहिला पगार १८,०००. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचे, मेसचा डबा, पीएमटीचा पास. त्यातले ४,००० घरी पाठवायचे आणि २,००० ची पोस्टात आरडी चालू होती. उपाशी नव्हते, रडत नव्हते, शनिवारी मैत्रिणींबरोबर एफसी रोडला फिरायला जायचे, वर्षातून दोन ड्रेस घ्यायचे. आज पगार पाचपट आहे आणि आरडी नाही. महागाई वाढली, घर झालं, लेक झाली, सगळं मान्य, पण पाचपटीतला एक रुपया शिल्लक राहू नये एवढंही नाही ना!

त्या रात्री लेकीची जुनी शाळेची वही घेतली आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडून एकेक ओळ लिहून काढली. रात्रीचे दोन वाजले. बाहेरून मागवलेलं जेवण ४१ वेळा, १७,६३०. दहा मिनिटात सामान आणून देणारे, ६३ ऑर्डर, २४,९००. कॅब ३८ वेळा, ८,७४०. ओटीटी, फोटो साठवायची जागा, म्युझिक, आणि एक योगाचं ॲप जे मी शेवटचं कधी उघडलं तेसुद्धा आठवत नाही, हे सगळं महिन्याला १,८४७ प्रमाणे ५,५४१. बेरीज ५६,८११. म्हणजे महिन्याला १८,९३७. मी तो आकडा बघत बसले. माझा अख्खा पहिला पगार, ज्यात मी राहत होते, खात होते, घरी पैसे पाठवत होते आणि बचतही करत होते, त्याहून जास्त पैसे दर महिन्याला नुसते अंगठ्याने उडवतेय मी. त्यात दूध-भाजी पण आहे म्हणाल तर निम्मं सोडा, तरी साडेनऊ हजार उरतात. फ्रिज दुरुस्त होऊन वर तेल-डाळ आली असती.

आणि हे एका दिवसात नाही झालं हो, हाच तर संताप आहे. आधी पावसात कॅब केली, मग उशीर झाला म्हणून, मग सवय म्हणून, आणि आता बससाठी दहा मिनिटं उभं राहायचं म्हटलं की अन्याय झाल्यासारखं वाटतं. प्रत्येक पगारवाढीला एक गोष्ट चैनीतून उठून गरजेत येऊन बसली आणि परत उठलीच नाही.

कोथिंबिरीचं सांगते. आमच्या सोसायटीच्या गेटपासून भाजीवाल्या मावशी दोनशे पावलांवर बसतात. मला एक जुडी हवी होती. ॲपवर जुडी १८ रुपये, पण १९९ च्या खाली ऑर्डर असेल तर डिलिव्हरी चार्ज, वर हँडलिंग, वर छोट्या ऑर्डरचा चार्ज. मग ते चार्ज "वाचवायला" चिप्स घेतले, केसांच्या क्लिपा घेतल्या, लेकीला चॉकलेट घेतलं, बिल २३६. अठरा रुपयांची कोथिंबीर! आणि मला वाटलं मी पैसे वाचवले. त्या ६३ ऑर्डरींमधले नुसते चार्जेस वेगळे काढले तर १,५१२ रुपये निघाले, ज्यात पावशेर शेंगदाणेसुद्धा आलेले नाहीत घरात.

कार्डाबद्दल तर बोलायलाच नको. एका महिन्यात ४०,००० बिल आलं आणि खाली हिरव्या अक्षरात मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढे तरी भरा, २,०००. भरले २,०००, वाटलं सुटले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,४०० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून २५२. दोन हजार भरून कर्ज कमी झालं साडेतीनशेने! शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत वगैरे सगळी गेली. मिनिममच भरत राहिलात तर फेडायला महिनोन्महिने, वर्षं लागतील असं बिलावर छापावंच लागतं बँकांना, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो मुंगीच्या अक्षरात आणि मिनिमम ड्यू ठळक. आमच्या गावाकडे एक सावकार होता, शेकडा तीन रुपयांनी पैसे द्यायचा. अख्खं गाव त्याला रक्तपिपासू म्हणायचं. आणि इथे शेकडा साडेतीनवाला कार्डावर माझं नाव एम्बॉस करून कुरिअरने घरी पाठवतो आणि आपण त्याचा फोटो स्टेटसला लावतो!

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे व्याज नाही असं सांगून दिलेले हप्ते, हेही तसंच. मोबाइल घेतला ५४,००० चा, नऊ हप्ते सहा-सहा हजारांचे. प्रोसेसिंग फी वेगळी, हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी वेगळा, आणि रोख घेतला असता तर मिळणारं डिस्काउंट गेलं ते वेगळंच. झिरो टक्के व्याज असली गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय. नाव बदललं, दुकान चालू आहे. जुना मोबाइल चांगला चालत होता माझा, च्यायला, फक्त कॅमेऱ्याची काच तडकलेली.

पण सगळा दोष ॲपवाल्यांवर ढकलून मी मोकळी होणार नाही. माणसांचं काय? ऑफिसात दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर फेअरवेल, ३०० काढा, ५०० काढा, नाही म्हटलं की तोंडं वाकडी. लेकीच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस आता प्ले झोनमध्ये होतात आणि रिटर्न गिफ्ट म्हणून पाण्याच्या बाटल्या, बॅगा, त्यावर मुलाचं नाव छापलेलं! मागच्या वर्षी मीही २२ मुलांना साडेतीनशेची एकेक बाटली दिली, ७,७०० रुपये, का तर आधीच्या मुलीने दिली होती म्हणून. त्यातल्या किती बाटल्या आज कुणाच्या घरात आहेत? आमच्या वेळी एक पेन्सिल आणि वेफर्सचा पुडा मिळायचा आणि ती पेन्सिल आम्ही बोटात मावेनाशी होईपर्यंत वापरायचो.

आईला फ्रिजचं सांगितलं नाही, सांगूच शकले नाही. बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते. पगार झाला की आई लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं उलटी करून त्यावर लिहायची, दूध, वाणी, लाइट, फी, भिशी, आणि एकावर "अडीअडचण". ते पाकीट ट्रंकेत साड्यांच्या खाली. दादाचा हात मोडला तेव्हा ते निघालं, मोटर जळाली तेव्हा निघालं, कुणापुढे हात पसरायची वेळ नाही आली. चौथी शिकलेली बाई! आणि मी एमकॉम, दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशोब बघते दिवसभर.

म्हणून सगळं उलटं फिरवलंय. सगळ्या ॲपमधून कार्डं काढून टाकली, आता दर वेळी पर्समधून कार्ड शोधून सोळा आकडे टाकायचे, त्यात निम्म्या ऑर्डरी मरतात. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन बघितलं तर सहा मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, चालू, पाच बंद केले. पंधरा हजारांच्या आत असेल तर ओटीपी पण लागत नाही त्याला, एक दिवस आधी मेसेज येतो तो जाहिरातींच्या ढिगात जातो, जरा बघा आपापलं. पगाराच्या दिवशीच दहा हजार दुसऱ्या बँकेत जातात, त्या अकाउंटला यूपीआय जोडलेलंच नाही. रविवारी ३,००० रोख काढून पोळ्यांच्या जुन्या डब्यात ठेवते, आठवड्याची भाजी, रिक्षा, बाहेरचं खाणं सगळं त्यातून. पहिल्या आठवड्यात गुरुवारी डबा रिकामा. लेक म्हणाली पिझ्झा, मी म्हटलं नाहीत पैसे, आणि ती रडली आणि मला इतकं लागलं की मी फोन हातात घेतला होता. पण नाही मागवला. पिठलं केलं. कार्डाचे अजून २६,००० बाकी आहेत, दर महिन्याला आठ-नऊ हजार ओततेय त्यात, आणि दर वेळी भरताना जीव जळतो कारण ते सगळे पैसे कधीच खाऊन झालेल्या जेवणाचे आहेत.

आणि आज दुपारी बँकेतून फोन. मॅडम, तुमचं रेकॉर्ड छान आहे, लिमिट दीड लाखाची पावणेतीन लाख करतोय, फक्त हो म्हणा, काही चार्ज नाही. रेकॉर्ड छान! कारण मी व्याज भरतेय म्हणून! मी म्हटलं वाढवू नका, उलट पन्नास हजारांवर आणा. तो पोरगा गडबडलाच, म्हणाला मॅडम कमी करायचा ऑप्शन माझ्याकडे नाहीये, त्यासाठी तुम्हाला कस्टमर केअरला फोन करावा लागेल. वाढवायला ते फोन करणार आणि कमी करायला मी करायचा. केला. चाळीस मिनिटं होल्डवर होते, जेवायची सुट्टी संपली, डबा तसाच राहिला. पण रिक्वेस्ट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवला नाही, आणि तो नंबर वहीत लिहिलाय, त्या ५६,८११ च्या खाली.