त्या जंतुविरहित उंदरांबद्दल

'जिवाणू नाहीत तर जीवन नाही' असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर द्यायला बसलो होतो, मग म्हटलं सकाळी लिहू, डोकं शांत होईल. झालं नाही. तुमचं वाक्य असं आहे: "जंतुविरहित उंदीर प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या मजेत जगतात, त्यामुळे 'जिवाणू नाहीत तर जीवन नाही' हा निव्वळ शाळकरी निबंध झाला."

एक चूक आधीच कबूल करतो. शरीरातल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात असं मी लिहिलं होतं, तो आकडा जुना. २०१६ च्या हिशोबात माणसाच्या साधारण ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळपास बरोबरीच. लेखात बदल केलाय.

पण शाळकरी? अहो, मी अशाच उंदरांच्या युनिटमध्ये दीड वर्ष काढलंय. बंद प्लास्टिकचा तंबू, भिंतीतच बसवलेले रबरी हातमोजे, गाळलेली हवा, आणि खाणं, पाणी, भुसा सगळं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, काढलेलं. त्या उष्णतेत जीवनसत्त्वं जातात म्हणून खाण्यात आधीच जास्तीची घालायची, के जीवनसत्त्व तर न विसरता, कारण ते बनवणारे आतड्यातले जिवाणूच नाहीत आणि ते कमी पडलं की रक्तस्राव सुरू. त्यात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी फुगून बसलेली. मजेत म्हणे!

बरं, ते खाणं आलं कुठून? धान्यातून. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण झाडाला त्याचा थेट काही उपयोग नाही, नायट्रोजनच्या दोन अणूंमधला घट्ट बंध साध्या तापमानाला तोडतात ते जिवाणूच, शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठीत बसलेले किंवा मातीत मोकळे. आता तुम्ही खताच्या कारखान्याचं नाव काढाल. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणं हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली करून दाखवलं, १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला, तेही प्रचंड दाब आणि शेकडो अंश उष्णता देऊन. त्याआधीची कोट्यवधी वर्षं कोण करत होतं हे काम? थोडंफार आकाशातल्या विजेने, बाकी या जिवाणूंनीच. आणि तुमच्या उंदरांच्या लेंड्या तंबूबाहेर टाकल्यावर त्या कुजवतं कोण? बाहेरचं जग जंतूंनी भरलेलं आहे म्हणून आतला पिंजरा चालतो हो. त्यात गंमत म्हणजे त्या उंदराच्या पेशींतले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग, हेच मुळात कधीकाळी गिळलेल्या जिवाणूंचे वंशज, त्यामुळे 'जंतुविरहित' हे फक्त पाटीवर.

हवेतला ऑक्सिजन हजारो वर्षं पुरेल हा तुमचा दुसरा मुद्दा. पुरेल की, मी कुठे नाही म्हटलं. तो हवेत साठवायला सुरुवात सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे झाडांसारखं उन्हावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंनी केली, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे, तिथपर्यंत पोचला असाल तर. बाकीच्या मुद्द्यांत पडत नाही.

फक्त ते "गूगल करून लिहिलंय" तेवढं काढा, प्लीज. बाकी प्रतिक्रिया राहू दे तशीच.