काळ्या कोटिंगखाली गंज थांबत नाही

जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा सफारी घ्यायला निघालेल्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर एक संदेश हमखास येऊन पडतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच असतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीला खालून गंज असायचाच, त्यावरून सौदा मोडू नका. चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, जाड लोखंडाची असते, तिला काही होत नाही. गाडी घेतली की अंडरबॉडी कोटिंग मारा, गंज कायमचा बंद. तेवढे पैसे नसतील तर जळकं ऑइल आणि डिझेल फवारा. आणि कोकणचं पासिंग टाळून घाटावरची गाडी घ्या.

यातला पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे ड्रम यांवर तपकिरी थर दिसला म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. वायर ब्रशने घासल्यावर खाली साफ, सपाट लोखंड लागलं तर तो गंज वरवरचा. घासल्यावर पापुद्रे निघाले आणि खाली खड्डे दिसले तर धातू खाल्ला गेलाय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड फुगतो आणि वरवर पाहणाऱ्याला उलट भक्कम वाटतो. छोटी हातोडी घेऊन हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. हे सगळं मालकाला विचारून, आणि रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. मालकाने ठोकून बघायलाच नकार दिला तर तेही एक उत्तरच समजा.

‘चेसीला काही होत नाही’ हे वाक्य मात्र मुळातच खोटं आहे. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वॉया या गाड्यांच्या चेसी गंजून भोकं पडल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की 2016 मध्ये कंपनीने सुमारे 15 लाख गाड्यांसाठी तडजोड मान्य केली. तिचा खर्च 3.4 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा तेव्हाचा अंदाज होता. यात सडलेल्या चेसी बदलून देणंही आलं. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. किनाऱ्यावर मीठ हवेतूनच येतं, वर चार महिने पावसाळा. शिवाय दिवेआगर-काशीदच्या वाळूत, लाटांच्या कडेने एसयूव्ही पळवण्याची हौस आहेच. त्या गाड्या गोड्या पाण्याने खालून धुणारे किती, हे आपण सगळे जाणतो.

जाडी उपयोगी पडते, पण चेसीचे जे भाग पेटीसारखे बंद असतात ते आतून गंजतात. तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली की ओल आत महिनोन्महिने राहते. बाहेरून रंग ठीक, आतून पत्रा कागद झालेला. म्हणून मागच्या एक्सलच्या वरची कमान, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि शॅकल, आडव्या बीमचे जोड आणि बॉडी जिथे चेसीवर बसते ते माउंट आधी बघा. मग आतली मॅट उचलून फ्लोअर, दरवाज्याखालचा सिल आणि चाकांच्या कमानी बघा. शेवटी ब्रेकचे लोखंडी पाइप. जोरात ब्रेक दाबावा लागतो त्या नेमक्या क्षणी गंजलेला पाइप फुटू शकतो. माझ्या मते या सगळ्या तपासणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि त्या संदेशात तिचा साधा उल्लेखही नाही.

आता कोटिंग. डांबरी किंवा रबरी कोटिंग नव्या, कोरड्या, साफ पत्र्यावर उत्तम काम करतं. गंजावर मारलं तर ते लोखंडाला न चिकटता पापुद्र्याला चिकटतं, ओल आलेल्या भिंतीला वरून डिस्टेंपर मारल्यासारखं. कुठेतरी दगड लागून चीर पडते, पाणी आत जातं आणि कोटिंगमुळेच बाहेर येत नाही. लोखंड, पाणी, हवा आणि वर मीठ, एवढं जमलं की गंज आत आपलं काम चालू ठेवतो. सकाळी प्रेशर वॉश आणि दुपारी कोटिंग, असं करून देणारी ठिकाणं बरीच आहेत. जोडांतलं पाणी तेवढ्यात सुकत नाही.

खरा क्रम कंटाळवाणा आहे. धुऊन गाडी नीट सुकू द्यायची. सुटा गंज वायर ब्रशने, गरज पडेल तिथे ग्राइंडरने काढायचा. जिथे घट्ट, पातळ गंज उरतो तिथे रस्ट कन्व्हर्टर लावायचा. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक अॅसिड गंजाचं काळपट, स्थिर थरात रूपांतर करतं. जाड पोपड्यांवर तो ओतून काही होत नाही. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर चेसीचा रंग. जस्ताचा प्रायमर वापरायचा असेल तर तो उघड्या लोखंडावरच, कारण त्याचं संरक्षण लोखंडाशी थेट संपर्कावर चालतं. कन्व्हर्टरवर मारलेला जस्ताचा प्रायमर म्हणजे महागडा राखाडी रंग. पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्सचा, म्हणजे पोकळीत मारायच्या मेणाचा, फवारा. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेक, रबरी बुश आणि पाणी जायची भोकं झाकून मगच बाहेरचं कोटिंग. हे काम मार्च ते मे मधलं. पावसात घाईने उरकण्याचं नाही. आणि भोक पडलेल्या चेसीला यातलं काहीच लागू नाही. तिथे सडका भाग कापून चांगल्या लोखंडापर्यंत जाऊन वेल्डिंग करणारा जाणता माणूस लागतो. वरून पट्टी ठोकून आणि पुट्टी भरून भोक नजरेआड होतं, एवढंच.

म्हणूनच विकायला काढलेली जुनी गाडी खालून ताजी, काळीभोर दिसली तर मला ती जास्त संशयास्पद वाटते. तपकिरी गाडी निदान काय ते दाखवते तरी.

जळक्या ऑइलची कल्पना अगदीच वेडगळ नाही. तेल पाणी दूर ठेवतं, आणि गंजरोधक मेणं-तेलं त्याच तत्त्वावर विकली जातात. पण इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये आम्ल, काजळी आणि धातूचे कण असतात. ते सस्पेन्शनचे रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक निसटतात, आणि पहिल्या दोन पावसांत उरलेलं शेतात-विहिरीत जातं. घातक कचऱ्याबाबतच्या केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, हेही लक्षात असू द्या.

पासिंगचा मुद्दा चटकन निकालात निघतो. एमएच-12 म्हणजे गाडी पुण्यात नोंदली, एवढंच. ती दर शनिवारी हर्णैच्या पुळणीवर उभी होती का, हे नंबरप्लेट सांगत नाही. उलट एमएच-08 ची, म्हणजे रत्नागिरीची, शेडमध्ये ठेवलेली, वेळेवर धुतलेली गाडी जास्त निरोगी निघू शकते. सर्व्हिसची बिलं बघा, त्यांवरची गावं वाचा.

संदेशात नसलेली एक गोष्ट राहते: चेसी नंबर. तो फ्रेमवरच कोरलेला असतो आणि गंजाने पुसट होऊ शकतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी, मग दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला जाते. तेव्हा गाडी आरटीओत न्यावी लागते आणि नंबर कागदाशी जुळवला जातो. पैसे देण्याआधी तो वायर ब्रशने हलकेच साफ करून एकेक आकडा आरसीशी ताडून घ्या. ग्राइंडर मात्र तिथे लावू नका.