“एक रेझिस्टर उपटा, मीडियम वेव्ह मोकळी” म्हणे!

हॅमवाल्यांमध्ये, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांमध्ये, हा फॉरवर्ड इतक्यांदा फिरलाय की आता लोक तो नियम असल्यासारखा सांगतात. म्हणणं थोडक्यात असं: एचएफ (शॉर्टवेव्हच्या) हॅम सेटात कंपनीने मीडियम वेव्हला मुद्दाम कुलूप घातलंय, आतल्या अटेन्युएटरचा (सिग्नल मुद्दाम कमी करणाऱ्या भागाचा) एक रेझिस्टर उपटा, २० डीबी (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) फुकट मिळतील, मग ४० मीटर बँडच्या साध्या डायपोलवरही (दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनावरही) लांबची स्टेशनं धडाधड लागतील. मी स्वतः हा उद्योग करून बसलोय, म्हणून लिहितोय.

कुलूप आहे, खरंय, पण लपवलेलं नाही. आयकॉमच्या ७३०० चं स्पेसिफिकेशन काढा, एएमला (मीडियम वेव्ह स्टेशनं वापरतात ती पद्धत) ऐकू यायला १.८ मेगाहर्ट्झच्या वर २ मायक्रोव्होल्ट पुरतात आणि त्याच्या खाली, म्हणजे मीडियम वेव्हवर, १२.६ लागतात, म्हणजे सेट तिथे साधारण १६ डीबीने बहिरा. आता तो बहिरा का ठेवलाय ते ऐका. मी राहतो ठाण्यात, आकाशवाणीचे मालाडचे टॉवर फार लांब नाहीत. अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, दुसरं मुंबईचं १०४४ वर. बेरीज करा, १६०२. आणि १६०२ हे आपल्याकडे मीडियम वेव्हचं सगळ्यात वरचं चॅनेल. अटेन्युएटर काढल्यावर मला १६०२ वर चक्क “नवीन स्टेशन” लागलं, मी लॉगबुकात लिहायला पेनसुद्धा काढलं, आणि पाच मिनिटांनी ट्यूब पेटली की पुढे अस्मिताच्या बातम्या आणि मागे दुसरंच कुणीतरी गातंय. ते स्टेशन हवेत नव्हतंच! सेटच्या आत बँडप्रमाणे फिल्टर बदलणारे डायोड असतात, दोन दांडगे सिग्नल त्यांत घुसले की त्यांची खिचडी होते. पुण्याचं ७९२ घेतलं तर ७९२ आणि १०४४ मिळून १८३६, म्हणजे थेट १६० मीटरच्या हॅम बँडमध्ये. अटेन्युएटर आहे तो ह्यासाठी.

“एक रेझिस्टर उपटा” हे तर अर्धवट आणि घातक. असा अटेन्युएटर बहुधा ‘पाय पॅड’ असतो (π अक्षराच्या आकाराची जोडणी), त्यात तीन रेझिस्टर असतात, दोन ग्राउंडला जाणारे आणि मधला एक सिग्नलच्या वाटेत उभा. ५० ओमला २० डीबी हवे असतील तर बाजूचे साधारण ६१ ओमचे आणि मधला २४७ च्या आसपास. मधलाच उपटलात तर वाटच तुटली, सेट ठार बहिरा. मधल्याला शॉर्ट करून बाजूचे दोन काढावे लागतात, आणि हे सगळं तांदळाच्या कणीएवढ्या एसएमडी भागांवर, जाड टोकाचा सोल्डरिंग गन घेऊन बसाल तर बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उचलून येतो (आला, माझा).

बरं, केलं समजा नीट. २० डीबी मिळाले का? एस मीटरला (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्याला) मिळाले, कानाला नाही. मीडियम वेव्हवर सेटचा स्वतःचा आवाज प्रश्न नसतोच, बाहेरचा गोंगाट असतो: ढगांची कडकड, एलईडी बल्ब, चार्जर, लिफ्ट, शेजारच्यांचा इन्व्हर्टर. अटेन्युएटर काढलात की स्टेशन २० डीबीने वाढतं आणि गोंगाटही तेवढाच वाढतो. एक सोपी टेस्ट आहे, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी करा. रिकाम्या चॅनेलवर थांबा, अँटेनाचा प्लग काढा, परत लावा. लावल्यावर खरखर जोरात वाढली तर तुमचा सेट पुरेसा ऐकतोय, मॉडिफिकेशनने काही हाती लागणार नाही. फरकच पडला नाही तर मात्र गोष्ट वेगळी.

मागच्या मार्चमध्ये आमच्याकडे संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर उडाला, अख्खी गल्ली काळोखात, सेट बॅटरीवर. एस मीटर ९ वरून ३ वर आला आणि एरवी खरखरीत गाडलं जाणारं नागपूरचं ५८५ स्वच्छ यायला लागलं. तेव्हा अटेन्युएटर परत जागेवर बसवलेला होता!

मग “मला तर फरक पडला” म्हणणारे खोटं बोलतात का? नाही, पण बहुतेक जण दुपारी सेट खोलतात आणि जेवण झाल्यावर ऐकायला बसतात. दिवसा वातावरणातला वरचा ‘डी’ थर मीडियम वेव्ह गिळतो, रात्री तो विरतो, श्रीलंकेतल्या पुत्तलमचं ८८२ दणदणीत लागतं. श्रेय बिचाऱ्या रेझिस्टरला.

डायपोलचं सांगायची गरज नाही खरं तर. डायपोल अर्ध्या तरंगलांबीएवढा लागतो, ५५८ ला ती २६९ मीटर होते, तुमचा डायपोल २०. त्यापेक्षा लूप अँटेना करा: लाकडी चौकट घ्या, ६० सेंटिमीटर बाजूची, तारेचे १०-११ वेढे, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ५०० पीएफचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), आणि सेटला जायला आत एक वेगळा वेढा. गँग फिरवताना स्टेशन टपकन वर येतं ते बघण्यासारखं असतं. शिवाय चौकट वळवली की मालाड जवळजवळ गायब होतं, जे कुठलाच रेझिस्टर करू शकत नाही.

फॉरवर्डच्या शेवटी “नाहीतर डायोड कापा” पण आहे. अहो, तो डायोड ट्रान्समिट मोकळं करायचा! अटेन्युएटरशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि हॅम बँडच्या बाहेर चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं तर लायसन्सला आच.

गावाकडे राहता, आजूबाजूला टॉवर नाही, लूप छोटी आहे आणि प्लगच्या टेस्टमध्ये फरक दिसला नाही, तर करा खुशाल. काही सेटांत तर त्यासाठी जंपरच (काढता-घालता येणारी छोटी जोडणी) दिलेला असतो, सोल्डरिंगही नको, मॅन्युअल वाचा फक्त. आणि ९ किलोहर्ट्झ अंतरावरचं शेजारचं स्टेशन त्रास देत असेल तर एएम सोडून एसएसबीवर (सिग्नलची एकच बाजू ऐकायच्या पद्धतीवर) या, झिरो बीट करा (शिट्टी विरेपर्यंत ट्यून करा), युएसबी-एलएसबीपैकी (वरची-खालची) जी बाजू स्वच्छ ती ठेवा. माझं निम्मं लॉगबुक असंच भरलंय, १६०२ ची ती ओळ तेवढी खोडलेली आहे.