डुप्लिकेट कॉईल आम्ही टाकत नाही मॅडम

नमस्कार मॅडम, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. गिझर दुरुस्तीला आमच्या दुकानातला मुलगा दोन तास उशिरा आला त्याबद्दल सॉरी, केसनंद फाट्याला अडकला होता, पण एक फोन करायला पाहिजे होता. ते तुमचं बरोबर.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की गिझरची कॉईल, म्हणजे आतली पाणी तापवणारी नळी, सात महिन्यांत परत गेली म्हणजे आम्ही डुप्लिकेट माल टाकला आणि विचारलं तर "पाण्यावर ढकलतात". हे मात्र नाही सहन झालं. उशीर म्हणा, फोनवर आवाज चढला म्हणा, ऐकून घेईन. अहो कॉईल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आणलेली, खोक्यावरचा स्टिकर बिलाला स्टेपल करून दिलाय, बिल असेल तर बघा. डुप्लिकेट स्वस्तात मिळते हे मला पण माहितीये, पण ती टाकून मी जाणार कुठे, तुमच्याच सोसायटीत माझी निम्मी गिऱ्हाईकं आहेत, एकाने ग्रुपवर टाकलं की धंदा बसला. आणि आता टाकलंच आहे म्हणा तुम्ही.

गिझर तुमच्यासमोर खोलला होता. खालची प्लेट काढल्यावर बादलीत पांढऱ्या खपल्या पडल्या तेव्हा तुम्हीच म्हणालात, "अय्या, हा खडू कुठून आला". तो खडू तुमच्या नळातूनच आला मॅडम. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात, दिसत नाहीत, पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन जिथे सगळ्यात गरम तिथे आधी बसतं, म्हणजे कॉईलवर. थर चढला की कॉईलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉईल आतल्या आत भाजते, वरची तांब्याची नळी तडकते आणि आतल्या पावडरीत पाणी शिरतं. तुमचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, सारखा पडत होता तो ह्याच्यामुळेच. यात ओरिजिनल-डुप्लिकेटचा प्रश्नच नाही, कंपनीची पण अशीच जाते.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला होतो तेव्हा कितीतरी वर्षं गिझरला हात लावावा लागला नाही. नसेलच लागला. तिथे खडकवासल्याचं धरणाचं पाणी, मऊ. इथे वाघोलीत काय येतं ते तुम्हाला माहितीये, 2021 ला महापालिकेत गेलो तरी टँकर आणि बोअर काही सुटले नाहीत, आणि टँकर तरी कुठून भरतो, बहुतेक वेळा बोअरवरच.

आता टीडीएस मीटरचं. "आमच्या सोसायटीला सॉफ्टनर आहे आणि टीडीएस ठीक आहे" असं लिहिलंय. सॉफ्टनर म्हणजे पाणी मऊ करणारं मशीन, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. मॅडम तो पेनासारखा मीटर एकूण क्षार दाखवतो, पाणी जड आहे का, म्हणजे त्यात खडू बसवणारे कॅल्शियमसारखे क्षार किती, ते नाही दाखवत. सॉफ्टनर चालू असला तरी टीडीएस उतरत नाही कारण तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. जडपणा थेंबाच्या किटने बघतात, तुमच्या किचनमध्ये मुलाने केलं होतं ना, पाणी आधी लालसर झालं मग थेंब मोजत निळं होईपर्यंत, ते. लिटरमागे 520 मिलिग्रॅम आलं. त्यावर तुमचे साहेब म्हणाले सरकारी लिमिट 600 आहे. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक, आयएस 10500, म्हणतं 200 पर्यंत चांगलं, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या. ते माणसाच्या पोटासाठी लिहिलंय, कॉईलसाठी नाही. आणि सॉफ्टनर असून 520 येतंय म्हणजे त्यात मीठच टाकत नाहीयेत, मिठाशिवाय त्यातलं रेझिन, म्हणजे कॅल्शियम पकडणारे दाणे, भरून जातं आणि पाणी जसंच्या तसं वर चढतं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला मिठाच्या गोण्या कमिटीने बंद केल्या. एक स्टार खरं तर त्यांना पाहिजे.

हे सगळं मी मागच्या वेळी पण सांगितलं होतं. थर्मोस्टॅट 75 वर होता, मी 55 वर आणून गेलो, ह्या वेळी परत 75 वर, आणि बटण सकाळपासून रात्रीपर्यंत चालू कारण घरात पाहुणे. पाहुण्यांना गरम पाणी मिळू नये असं माझं म्हणणं नाही, पण साठच्या वर क्षार फार पटापट बसतो. अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतः झिजणारी कांडी, झिजून तारेसारखा राहिला होता तो बदलूया म्हटलं तर "उगाच बिल वाढवू नका" म्हणालात. बिलावर खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, रॉड ग्राहकाने नको सांगितला. तुमचा दोष काढायला नाही लिहीत, पण चार लोक वाचतात म्हणून दुसरी बाजू पण यायला पाहिजे.

वॉशिंग मशीनचं तुम्ही लिहिलंय त्यात पण हेच, टॉवेल कडक होतात, पावडर जास्त लागते, सायट्रिक अ‍ॅसिडची पावडर टाकून महिन्यातून एकदा रिकामं गरम वॉश फिरवा, एवढंच.

यापुढे मुलगा निघाला की फोन करेल असं बघतो, आणि पाण्याचं रीडिंग बिलावर लिहून द्यायचं पण चालू करायचा विचार आहे. तुमची जळलेली कॉईल फेकलेली नाही, दुकानात ठेवलीये, तिच्यावर कंपनीचा शिक्का आहे, येऊन स्वतः बघा आणि मग काय ते ठरवा. गुरुवारी नका येऊ, दुपारपर्यंत लाईट नसते. आणि रॉड आता तरी टाकून घ्या, रॉडचे पैसे द्या, लेबर नको मला.