पाव्हणं, कुठलं गाव?

दादाच्या पुण्यातल्या सोसायटीत सध्या भांडण पेटलंय, फ्लॅट 'बाहेरच्यांना' भाड्याने द्यायचे नाहीत असा ठराव आणायचाय, आणि मी फॅमिली ग्रुपवर 'हे बरोबर नाही' एवढंच लिहिलं तर दादाचं उत्तर, अथेन्समध्ये बसून आम्हाला शिकवू नकोस. दोन दिवस डोक्यातनं जात नाहीये.

इथे मीच बाहेरची. अथेन्सच्या किप्सेली भागात राहायला आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, वर 'क्सेनी', म्हणजे परकी बाई, आलीये. तेवढाच शब्द कळला आणि रडूच आलं. संध्याकाळी त्याच आजी ताटलीवर रुमाल झाकून गरम स्पानाकोपिता, म्हणजे पालक भरलेला खारा पाय, घेऊन दारात उभ्या.

पुढे भाषा शिकताना कळलं, होमर या प्राचीन कवीच्या ग्रीकमध्ये अनोळखी माणूस, पाहुणा आणि यजमानसुद्धा, तिघांना एकच शब्द, क्सेनोस. त्याच्या इलियड या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात ग्लाउकोस आणि दिओमीदीस हे शत्रुपक्षांतले दोन योद्धे ऐन लढाईत समोरासमोर येतात, आपले आजोबा एकमेकांचे क्सेनोस होते हे कळतं आणि लढायचं सोडून एकमेकांशी चिलखतांची अदलाबदल करतात, ग्लाउकोस तर 100 बैलांच्या मोलाचं सोन्याचं देऊन 9 बैलांच्या मोलाचं काशाचं घेतो! पाहुण्याला दुखावलं तर झ्यूस क्सेनिओस, म्हणजे पाहुण्यांचा राखणदार देव झ्यूस, सोडणार नाही ही धास्ती. नंतर भाडोत्री सैनिकालाही क्सेनोस म्हणायला लागले, आणि आज बहुतेक वेळा नुसता परका. तरी हॉटेलला अजून क्सेनोदोहिओच म्हणतात, क्सेनोसला ठेवून घेणारी जागा. आणि पोटासाठी परमुलखात दिवस काढणं म्हणजे क्सेनित्या, 1960 नंतर जर्मनीच्या कारखान्यांत गेलेल्या इथल्या माणसांनी ती भोगलीये, आजींच्या नवऱ्यानेही.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? साताऱ्याकडे स्टँडवर अनोळखी माणसाला 'पाव्हणं, कुठलं गाव?' असंच विचारतात ना? मग सोसायटीच्या गेटवर तोच पाव्हणा 'बाहेरचा' कसा होतो?

खरं सांगायचं तर इथेही दोन घरमालकांनी माझं आडनाव ऐकून 'फ्लॅट गेला' म्हणून सांगितलंय. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, कारण माझा राग तिथनंच येतो. पण ठराव करून, सह्या घेऊन कुणी दार लावलं नाही, हे मी धरून बसलेय.

सगळ्यात लागलं ते दादाचं शेवटचं वाक्य, 'तू आता इथली कुठे राहिलीस.' डिसेंबरात घरी गेले तेव्हा आईने शोकेसमधले सोनेरी कडेचे कप काढले, लहानपणी आम्हाला ज्यांना हातसुद्धा लावू द्यायची नाही ते. म्हटलं, आई, माझा स्टीलचा पेला दे ना. तर म्हणाली, अगं, तो केव्हाच मोडीत दिला.