बसतंय की

आमची गाडी दुरुस्त करणाऱ्या उस्तादांचा शब्दसंग्रह दांडगा होता, पण त्यातले घरात बोलण्याजोगे शब्द दोनच. “बसतंय की.” 1998 च्या डिसेंबरात, हुरड्याच्या दिवसांत, त्यांनी ते मला पहिल्यांदा ऐकवले आणि आमच्या फियाटचं बॉनेट पुढचे सहा महिने मिटलं नाही.

गाडी 1974 ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण सोलापुरात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. का घेतली, तर वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरात जन्मले आणि त्यांनीच 1944 मध्ये ही प्रीमियर कंपनी काढली. आराखडा फियाटचा, कारखाना कुर्ल्याचा, हे दादांना मान्य होतं. पण गाडी ‘आपल्या गावच्या माणसाची’. इटलीचं नाव कुणी काढलं की ते पेपर वाचायला लागत.

इंजिन गेलं ते माझ्यामुळे. मे महिन्यात तुळजापूरहून येताना रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही हे मी बघितलं नाही. काटा लालमध्ये जाऊन बसला होता. मला वाटलं, उन्हाचा असेल. घरी पोचेपर्यंत हेड वाकलं. दोनदा बोअर झालेल्या, म्हणजे सिलिंडर आतून कातून रुंद केलेल्या, त्या इंजिनात आधीच धुगधुगी तेवढी उरली होती. चौकापर्यंत जाऊन आलं की मागे इतका धूर, की गल्लीतली पोरं डासांची गाडी आली म्हणून पळत यायची.

साधा माणूस अशा वेळी जुन्याच सिलिंडरांत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून घेतो. मी बार्शीला गेलो. तिथे एका नातेवाइकांच्या शेडमध्ये, कडब्याच्या गंजीआड, मागून ठोकलेली 118 एनई उभी होती. तीही प्रीमियरचीच, पण एनई म्हणजे निसान इंजिन. इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट. मी उस्तादांना फोन केला. त्यांनी इंजिन बघितलं नव्हतं, मापं विचारली नाहीत. म्हणाले, “बसतंय की.”

दादांना पटवणं अवघड होतं. “68 चं बोअर, 75 चा स्ट्रोक, 1089 सीसी,” असं ते आपल्या इंजिनाबद्दल गोत्र सांगावं तसं सांगत. मी म्हटलं, “दादा, ह्याचं 73 बाय 70 आहे. 1171 सीसी. क्रँकला तिनाऐवजी पाच बेअरिंग.” त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, “म्हणजे 82 सीसी जास्त. एक कटिंग चहा.” त्या कटिंगसाठी पुढे काय काय झालं ते सांगतो.

आमच्या अंगणातल्या कडुलिंबाला चेन कप्पी लावून जुनं इंजिन वर काढलं. आजी ओट्यावरून बघत होती. मोकळा झालेला तो खड्डा बघून तिने पदराने डोळे टिपले. नवं इंजिन खाली सोडलं, ते अर्ध्यावर थांबलं. खालचा ऑईलचा सम्प गाडीच्या आडव्या क्रॉस मेंबरवर टेकला होता. उस्ताद गाडीखाली गेले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि बाहेर येऊन म्हणाले, “दोन सूत.”

सोलापुरात सूत दोन प्रकारचं. एक मागावरचं, दुसरं वेल्डिंगवाल्याचं, इंचाला आठ. पहिल्यावर गाव उभं राहिलं आणि दुसऱ्यावर आमचं इंजिन अडलं. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन कापलं, वर घेतलं, वेल्ड केलं. आता सम्प मोकळा झाला, पण वर एअर फिल्टर बॉनेटला लागायला लागला. पुन्हा कापलं. मग पंखा रेडिएटरला घासायला लागला, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. वेल्डिंगवाले अण्णा तेलुगूत पुटपुटायचे, उस्ताद मराठीत ओरडायचे आणि मागची चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं माप घ्यायला आलेले लेथवाले कन्नडमध्ये सल्ला द्यायचे. तिन्ही भाषांत मिळून समजलेला शब्द एकच: सूत.

मुदतीचं म्हणाल तर, “गड्ड्याला”, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, “ह्याच गाडीत बसून जायचं” असं ठरलं होतं. जानेवारीत गड्डा आला, नंदीध्वज निघाले, होम मैदानावर पाळणे लागले आणि उतरलेसुद्धा. आम्ही सहकुटुंब रिक्षाने जाऊन आलो. मग पाडवा ठरला. मग हनुमान जयंती. मी एकदा जरा चिडून विचारलं, “उस्ताद, काय करलालाव तुम्ही नेमकं?” ते म्हणाले, “होऊलालंय की, मालक. आषाढीच्या आत घ्या गाडी.” आषाढी कुठल्या वर्षीची, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

आणि मग गिअरचा प्रश्न आला. त्यापुढे सम्पबिम्प काहीच नव्हे.

फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे खालची जमीन मोकळी आणि पुढची सीट एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग, दिवाणासारखी. त्यावर सोलापुरी टर्किश टॉवेल अंथरलेला. चालवायला दादा, खिडकीला आई, आणि मधोमध आजी. ही जागा तिची पंचवीस वर्षांची. अक्कलकोट असो, पंढरपूर असो, मागे पाच-सहा जण कोंबलेले असोत, आजी पुढे मध्येच बसायची आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक एसटीला हात जोडायची. निसानच्या गिअरबॉक्सचा दांडा मात्र खालून वर येणारा. उस्तादांनी छिन्नी-हातोडीने पत्र्याला भोक पाडलं आणि दांडा वर आला तो बरोब्बर आजीच्या जागेवर.

आजीला दाखवायला बोलावलं. तिने वाकून बघितलं आणि विचारलं, “माझ्या जागेवर हे काय उगवलंय?”

उस्तादांनी मार्ग सुचवला, सीट मधून कापू. त्यांनी कापली. रेक्झिनच्या आतून काथ्या, स्प्रिंगा, 1974 ते 1999 ची बसची तिकिटं, एक चांदीचं जोडवं आणि दादांनी आईपासून लपवलेली तंबाखूची डबी बाहेर आली. त्या संध्याकाळी घरात इंजिनाचा विषय निघालाच नाही. आजी मागच्या सीटवर गेली ती कायमची. तिथून तिला समोरची एसटी दिसत नसे, म्हणून ती आता प्रत्येक हॉर्नला हात जोडायची.

प्रोपेलर शाफ्टचं थोडक्यात सांगतो. गिअरबॉक्सची लांबी बदलल्यामुळे तो तोडून नव्या मापाचा करायचा होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले आमचे लेथवाले हाडाचे मागाचे कारागीर. आयुष्यभर पॉवरलूमचे शाफ्ट वळवलेले. त्यांनी आमचाही तितक्याच निष्ठेने वळवला. साठच्या पुढे गेलं की गाडी खट्‌खट्‌ खट्‌खट्‌ करून चादर विणायला लागायची. बॅलन्सिंग करून घेतल्यावर आवाज गेला, तर दादा म्हणाले, चुकल्यासारखं वाटतं.

स्पीडोमीटरचा हिशोब कधीच जुळला नाही. सात रस्ता चौकातून सायकलवाले आम्हाला मागे टाकत तेव्हा काटा पन्नास दाखवायचा. दादा त्यावर खूश होते.

जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी, गाडी एका सेल्फला सुरू झाली. धूर नाही, थरथर नाही. आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर पुस्तकात चढवला. तेव्हा ते होत असे, आज असले उद्योग करायचे म्हटलं तर कायदा आडवा येतो. पहिल्या चौकात मी दुसरा गिअर टाकायला सवयीने डावा हात स्टिअरिंगकडे नेला. तिथे काही नव्हतं. मागच्या ट्रकने मला जे सुनावलं ते उस्तादांच्या शब्दसंग्रहातलंच होतं.

जुनं इंजिन दादांनी भंगारात घालू दिलं नाही. ते पडवीत ठेवलं, वर एक जुनी चादर घातली. दादा गेले, आजी गेली, इंजिन तिथेच आहे. पाहुणे त्यावर टेकतात. संक्रांतीला बायको वाणाचं तबक त्यावर ठेवते.

मागच्या वर्षी मुलाने फोनवर वाचून दाखवलं, की 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो. आमची 2024 मध्येच पन्नाशीची झाली होती. मी ताठ बसलो. “पुढे वाच.” पुढे होतं: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची. म्हणजे रॅली सोडली, तर ती 1998 पर्यंत जे करत होती तेच.

दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो. मोतीबिंदू काढलेला, हात थरथरतो, पण काळा चष्मा लावून रिक्षाने माझ्याबरोबर आले. पडवीत बसले, चहा घेतला. मग चादर बाजूला करून जुन्या इंजिनावर हात फिरवला, अंगणातल्या गाडीकडे बघितलं, लिंबाची फांदी अजून भार घेईल का तेही बघितलं.

बायको आतून म्हणाली, “उस्ताद, बोलू नका.”